दोनशे छप्पनचा आकडा आणि हापसीचं पाणी

माझ्या अंगावर एक चकचकीत पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर २५६ असा ठळक आकडा छापलेला आहे. मित्रांनो, त्या आकड्यानं माझी जेवढी बदनामी केली तेवढी एखाद्या वैऱ्यानंही केली नसती. आज मी सहदेव इंगळेच्या टेबलाच्या खणात, तुटक्या पट्ट्या आणि शाई वाळलेल्या पेनांच्या संगतीत पडून आहे. ग्राफिक्स कार्ड म्हणतात मला. अधूनमधून कुणीतरी खण उघडतं, मला उचलतं, आकडा वाचतं आणि म्हणतं, "अरे, हे तर लय भारी दिसते!" तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण मला तोंड नाही. म्हणून जे काही बोलायचं आहे ते आज तुमच्यापाशी एकदाच बोलून टाकतो.

आधी माझं काम समजून घ्या. संगणकाच्या पेटीत हिशेब करणारा मेंदू वेगळा असतो. त्या हिशेबाचं चित्र करून पडद्यावर धाडायचं, हे माझ्यासारख्या कार्डाचं काम. साधी अक्षरं आणि रेघा असल्या तर ते काम हलकं असतं. पण पडद्यावर घर उभं करायचं, भिंतींवर ऊनसावली पाडायची आणि बघणाऱ्याला त्या घरातून चालवत न्यायचं असेल, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी चित्रं रंगवावी लागतात. याला थ्री-डी म्हणतात. त्याला ताकदीचं कार्ड लागतं. मी त्या ताकदीचा नव्हतो, आणि हे मला माझ्या जन्माच्या दिवसापासून ठाऊक होतं.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात, तोंडाला फडकी बांधलेल्या मुलींच्या हातांनी माझा जन्म झाला. त्यांनी माझ्या हिरव्या पाटीवर साठवणीचे, म्हणजे मेमरीचे, काळे तुकडे बसवले. साठवण दुप्पट केली, पण तुकडे स्वस्तातले आणि मंद होते. त्यातून माल बाहेर काढायची वाट तर निम्मीच ठेवली. मोठी कणगी बांधावी आणि तिचं तोंड वीतभर ठेवावं, तसा प्रकार. वर उष्णता काढायला म्हणून धातूचा एक जाडजूड काळा ठोकळा बसवला. तो वजनाला भारी होता, पण माझ्या अंगाला नीट टेकतसुद्धा नव्हता. तपासणीच्या टेबलावरच्या बाईनं मला चालवून पाहिलं आणि ती शेजारणीला काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या. मला त्यांची भाषा कळत नव्हती, हसणं मात्र कळलं.

मग मला एका मोठ्या डब्यात भरलं. डब्यावर हातात आगीची तलवार घेतलेला एक योद्धा होता आणि त्याच्या छातीवर तोच आकडा. ज्यांनी तो छापला त्यांना ठाऊक होतं की आकड्यात खोट नाही. साठवण खरोखरच दोनशे छप्पन एमबी होती. खोटी होती ती त्या आकड्यामागची बढाई. मित्रांनो, खोटं बोलून फसवणारा एक वेळ पकडला तरी जातो. खरं सांगून फसवणाऱ्याला कुठे धरणार?

असा मी जहाजातून, मग ट्रकमधून, मग एसटीच्या टपावरून जिल्ह्यातल्या एका बाजारगावी महादेवरावांच्या दुकानात येऊन पडलो. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावानं माझं काही बिघडवलं नाही.

माझ्या शेजारी फळीवर दुसरं एक कार्ड होतं. त्याचा डबा लहान, साधा, निळा. त्याच्यावर आकडा होता १२८. पण त्याची वाट रुंद होती, तुकडे चपळ होते आणि त्याच्या अंगावरचा पंखा लहान असला तरी नीट बसवलेला होता. थ्री-डीच्या कामात ते मला बसल्या जागी हरवू शकलं असतं. गिऱ्हाईक यायचं, दोन्ही डबे पाहायचं, आणि बिचाऱ्या निळ्या डब्याला बाजूला सारायचं. ज्या मुलखात सिमेंट गोणीनं, कापूस क्विंटलनं आणि बियाणं बॅगेनं घेतात, तिथे दोनशे छप्पन सोडून एकशे अठ्ठावीस कोण घेईल? महादेवरावांना खरं काय ते माहीत होतं. माल देणाऱ्यानं माझ्यादेखत त्यांना सांगितलं होतं, "हे मोठ्या आकड्याचं टायपिंगवाल्याले द्या, थ्री-डीवाल्याले नोका देऊ." त्यांनी मान हलवली होती. मी ती मान हलताना पाहिली आहे.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. माघातल्या एका दुपारी सहदेव दुकानात आला. वय अठ्ठावीस, अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन तो डोणगावच्या आसपास लोकांच्या घरांचे नकाशे हातानं काढायचा. आता नवा संगणक जोडायचा होता आणि एकेक भाग तो स्वतः निवडून घेत होता. सोबत पुंजाजी होते, त्याच्याच वस्तीतले गवंडी. चाळिशी उलटलेली, हाताला चुन्याच्या भेगा. वस्तीत कुणालाही वीट, वाळू, लोखंड घ्यायचं असलं की लोक पुंजाजींना सोबत नेत. म्हणून संगणक घ्यायलाही सहदेवनं त्यांनाच आणलं होतं.

"मले घर फिरवून दाखवायचं हाये," सहदेव सांगू लागला. "मंजी कसं, नकाशातलं घर पडद्यावर उभं करून मानसाले आतून..."

"काम काही का असंना," महादेवरावांनी त्याला मधेच तोडलं. "कार्ड एकच पाह्याचं असते. आकडा. हे एकशे अठ्ठावीस. हे दोनशे छप्पन. दुप्पट माल हाये आन् किंमत कमी. तुमी शिकेल मानूस, तुमाले काय सांगा!"

सहदेव दोन्ही डब्यांकडे पाहत राहिला. त्याच्या मनात काहीतरी खटकत होतं, ते मला दिसत होतं. तेवढ्यात पुंजाजींनी दोन्ही कार्डं डब्यातून काढली आणि एकेका तळहातावर घेऊन तोलली. विटा घेताना ते तसंच करत. जड वीट पक्की भाजलेली, हलकी ती कच्ची.

"हे जड हाये," मला वर उचलून ते म्हणाले. "भरीव माल हाये, सहदेव. थे दुसरं पोकळ लागते."

त्या ठोकळ्याचं वजन होतं ते! नुसत्या धातूचं. मी आतल्या आत ओरडलो की बाबांनो, मला वीट समजू नका, आधी त्याचं काम ऐकून घ्या. पण सहदेवची मान डोलली. महादेवरावांनी मला कागदात गुंडाळलं आणि म्हणाले, "नशीबवान हात. शेवटचा पीस होता." तसे माझ्यासारखे आणखी चार डबे मागच्या खोलीत होते.

तरी पहिले दिवस बरे गेले, हे मी नाकारणार नाही. सहदेवच्या घराच्या ओसरीत टेबल मांडलं गेलं. त्याच्या आईनं, केसरबाईंनी, पडद्यावर टाकायला जुन्या पातळाचा झाकणकपडा शिवला. वीज असेल तेवढे तास सहदेव बसायचा आणि मी त्याच्या रेघा पडद्यावर काढायचो. रेघा मला जमत होत्या. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ सरसर धावली की केसरबाई हातातलं काम टाकून बघायच्या. "माय, हे आपलं सयपाकघर पाह्य," असं सहदेव म्हणायचा आणि त्या हसायच्या. तेवढे दिवस मला वाटलं होतं की आपलं निभावेल.

निभावलं नाही. वस्तीचं समाजमंदिर मंजूर झालं आणि माझं पितळ उघडं पडलं.

त्या समाजमंदिरासाठी वस्ती अकरा वर्षं अर्ज करत होती. समितीचे प्रमुख माणिकराव, वस्तीचे माणिकबाबा, सत्तरीचे. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून त्यांच्या चपला नि गुडघे दोन्ही झिजले होते. अखेर निधी आला. ठेका वामनराव नावाच्या ठेकेदाराला मिळाला आणि त्यानं नकाशा आणून दिला. मार्च महिना लागला होता. महिनाअखेरच्या आत समितीच्या सह्या होऊन काम सुरू झालं नाही तर निधी परत जाणार होता.

सहदेवनं नकाशा नीट वाचला. सभागृहाच्या उजव्या अंगाला संडास होते आणि त्यांचा शोषखड्डा बरोबर हापसीच्या, म्हणजे हातपंपाच्या, अंगाशी. नकाशात हापसी दाखवलेलीच नव्हती, कारण नकाशा काढणाऱ्यानं जागेवर पाऊलच टाकलं नव्हतं. अख्खी वस्ती त्या एका हापसीचं पाणी प्यायची. मैला जिरवायचा खड्डा तिच्यापासून दहा फुटांवर!

तो माणिकबाबांकडे गेला. माणिकबाबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "मले याच्यात हापसी कुठीच दिसून नाही राह्यली, सहदेव."

"थेच तर सांगून राह्यलो, बाबा! ते दाखवलीच नाही!"

"वामनराव म्हनते का खड्डा लांब हाये."

"कागदावर हापसीच नाही, मंग लांब कशापासून? जमिनीवर दहा फुटावर हाये."

"आकरा वर्सं गेली, पोरा," माणिकबाबा थकलेल्या आवाजात म्हणाले. "आता नाट लावू नोको. निधी वापस गेला तर माह्या डोळ्यानं मी मंदिर पाह्यत नाही."

त्यांचं तरी काय चुकत होतं? नकाशा वाचणं सगळ्यांना येत नाही, आणि ज्यांना येत नाही त्यांच्या त्या न येण्यावर वामनरावासारखे लोक पोट भरतात. म्हणून सहदेवनं ठरवलं की सह्यांच्या बैठकीत हे समाजमंदिर पडद्यावर उभं करायचं. भिंती, पायऱ्या, कडुनिंबाचं झाड, हापसी, आणि लाल रंगात तो खड्डा. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईलाही कळलं पाहिजे. हे सगळं माझ्या भरवशावर!

मित्रांनो, ते पंधरा दिवस मी विसरू शकत नाही. सहदेव एक भिंत फिरवायचा आणि मी धापा टाकायचो. झाडाला पानं लावली की पडदा थिजायचा. सावल्या पाडल्या की काळे त्रिकोण उमटायचे. मार्चचं ऊन तापलेलं, अंगावरचा ठोकळा नुसता मिरवायला. सहदेवनं पेटीची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. त्याला वाटायचं की आपल्यालाच नीट येत नाही. पुस्तकं उलटीपालटी करायचा, स्वतःच्या डोक्यावर हात मारायचा. "दोनशे छप्पन हाये बे, चालाले पाह्यजे होतं!" असं म्हणायचा. आकड्यावर त्याचा एवढा विश्वास की दोष स्वतःला देत बसला. त्या वेळी मला महादेवरावांचा जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नाही.

बैठकीचा रविवार उजाडला. ओसरीसमोरच समाजमंदिराची ती मोकळी जागा, एका बाजूला कडुनिंब, दुसऱ्या बाजूला हापसी. सकाळी दहाची वेळ, कारण बारानंतर भारनियमन. चाळीसएक माणसं सतरंज्यांवर बसली. बाया मागे उभ्या राहिल्या. त्रिशरण-पंचशील झालं. वामनराव खुर्चीवर बसले होते, पांढरेशुभ्र कपडे, मांडीवर नकाशाची सुरळी. सहदेवनं पडदा लोकांकडे वळवला आणि हात जोडले.

"हे आपलं समाजमंदिर," तो म्हणाला. "आता आपून दारातून आत जाऊ."

पडद्यावर दार उघडलं. लोकांमधून कौतुकाचा आवाज आला. मी माझ्याजवळचं सगळं पणाला लावलं, तुमची शपथ. आम्ही सभागृहातून चाललो. खिडकी आली. खिडकीतून कडुनिंब दिसायला हवा होता, तिथे हिरवा चिखल दिसला. चित्र अडखळू लागलं. एक पाऊल पुढे, मग दम, मग एक पाऊल.

"गाडी गरम झाली वाट्टे," वामनराव म्हणाले. चारदोन जण हसले.

"जरा थांबा, जरा," सहदेवच्या कपाळावर घाम आला. "आता उजव्या बाजूले संडास हायेत, थितून..."

त्यानं चित्र त्या बाजूला वळवलं. खड्ड्याच्या लाल रंगाची एक कड पडद्यावर आली. फक्त एक कड! आणखी दोन पावलं गेलो असतो तर हापसी दिसली असती. तिथेच माझ्या अंगात आग पेटली, पडद्यावर काळेपांढरे पट्टे आले, आणि मग काहीच राहिलं नाही. सहदेवनं पेटी बंद करून चालू केली. काळा पडदा. पुन्हा केली. काळाच.

वामनराव मोठ्यानं हसले. "माणिकबाबा, इंजनेराचा शिनेमा सरला. सही करून टाका, उन्हं चढून राह्यले."

"मी खोटं नाही सांगून राह्यलो!" सहदेवचा आवाज फाटला. "खड्डा हापसीजवळ येते, बाबा! पानी नासंल!"

"दाखव ना मंग," वामनराव म्हणाले. "दाखवता येत नाही आन् लोकाइले भेवाडते."

माणिकबाबांनी सहदेवकडे पाहिलं, मग काळ्या पडद्याकडे, आणि खिशातून पेन काढलं. माझ्या साठवणीत त्या क्षणी हापसी होती, मित्रांनो. खड्डाही होता. दोघांमधलं दहा फुटांचं अंतर होतं. सगळं माझ्या पोटात होतं आणि मला ते बाहेर काढता येत नव्हतं. अशा वेळी दोनशे छप्पनचं काय करायचं? लोणचं घालायचं?

तेव्हा पुंजाजी उठले. इतका वेळ ते मागे गुडघ्यांना मिठी मारून बसले होते. ते आपल्या घरात गेले आणि पांढऱ्या फक्कीचं अर्धं पोतं, दोरी आणि फीत घेऊन आले. फक्की म्हणजे ज्या चुनखडीच्या भुकटीनं मैदानावर खेळाच्या रेघा मारतात, ती. पाया खोदायच्या आधी गवंडी तिनंच जमिनीवर आखणी करतो.

"माप सांग, सहदेव," ते म्हणाले. "नकाशातलं. मी पाडतो."

वामनराव खुर्चीतून उठले. "ए पुंजाजी! नारळ फुटल्याबिगर आखनी करते का कोनी? साहेबाच्या हातानं भूमिपूजन व्हायचं हाये! अपशकुन काऊन करतं?"

खरं तर तोच रिवाज होता. पुंजाजींनी वीस वर्षांत भूमिपूजनाआधी कधी फक्की पाडली नव्हती. म्हणून तर इतके दिवस त्यांच्या किंवा सहदेवच्या मनातही ते आलं नव्हतं. पुंजाजींनी वामनरावाकडे पाहिलं आणि मुठीत फक्की घेतली.

"पाया थोडीच खंदून राह्यलो, साहेब. भुकटी हाये. झाडू मारला का गेली."

सहदेवनं वामनरावाच्या हातातली सुरळी जवळजवळ हिसकावूनच घेतली. तो माप वाचू लागला आणि पुंजाजी दोरी ताणून पाठोपाठ रेघ पाडू लागले. सभागृहाची लांबी. रुंदी. दार. लोक सतरंज्या सोडून उठले, कारण ते बसले होते तिथेच भिंत आली. पोरंसोरं रेघांमधून आतबाहेर करू लागली. मग संडास आले. मग सहदेव म्हणाला, "इथून बारा फूट, आन् डाव्या हाताले सहा," आणि पुंजाजींनी खुंटी धरून दोरीनं एक गोल फिरवला. शोषखड्डा.

केसरबाई पुढे आल्या. त्यांची भरलेली घागर हापसीच्या ओट्यावर सकाळपासून तशीच होती. त्या ओट्यावर गेल्या, तिथून उतरल्या आणि गोलाकडे चालू लागल्या. मोठ्यानं मोजत.

"एक. दोन. तीन. चार." पाचवं पाऊल गोलाच्या आत पडलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि वळल्या. "माणिकबाबा, हे पाहा. मी संडासाच्या खड्ड्यात उभी हाये, आन् थे माही घागर. थ्या घागरीतलं पानी सकाळी तुमी पेले."

माणिकबाबांनी पेन परत खिशात ठेवलं. मग बायांचा जो गलका उठला तो आवरायला कुणीच पुढे झालं नाही. "आमाले गू पाजता काय बे?" असं एक म्हातारी वामनरावाच्या तोंडावर म्हणाली. तिला कुणी गप्प बसवलं नाही, आणि बसवू नये अशीच ती वेळ होती.

"हापसी हलवू की!" वामनराव म्हणू लागले. "थ्याच्यात काय..."

"हापसी हलवशीन, जमिनीतलं पानी तुहा बाप हलवंल का?" माणिकबाबा ओरडले. त्यांचा तो आवाज वस्तीनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "आकरा वर्सं थांबलो मी! मंदिरासाठी थांबलो, मढे उचलासाठी नाही थांबलो!" मग ते सहदेवकडे वळले. "निधी जाऊ न देता हे बदलते का? सांग."

"बदलते बाबा. संडास उजवीकून डावीकडे घ्याचे, खड्डा पार थ्या टोकाले. बांधकाम तेवढंच. कागद उलटा करून काढला का झालं. आज काढून देतो, हातानं."

आणि त्यानं काढला. ओसरीत, माझ्या बंद पडद्याच्या शेजारी, जुना फळा मांडून, पेन्सिलीनं आणि पट्टीनं. वीज गेली तरी त्याचं काम थांबलं नाही. वामनरावानं पुष्कळ तोंड वेंगाडलं, पण बाया रेघांवरून हलेनात. शेवटी नव्या नकाशावर आधी वामनरावाला सही करावी लागली, मग समितीनं केली. महिना संपायला तेव्हा पाच दिवस उरले होते. निधी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी निवलो, रेघा काढू लागलो आणि घर फिरवताच पुन्हा थिजलो; खोट कुठे आहे ते सहदेवला तेव्हा कळलं. त्यानं मला पेटीतून उपटलं आणि पुंजाजींना घेऊन महादेवरावांच्या दुकानी गेला.

"खराब निंघालं काय?" महादेवराव म्हणाले. "अहो, डब्यावर काय लिहेल हाये? दोनशे छप्पन. मोजून घ्या. एक जरी कमी निंघाला तर मिशी काढून देतो."

"आकडा खराच हाये," सहदेव म्हणाला. "म्हनून तर तुमाले माह्या गळ्यात मारता आला. मी काम सांगत होतो तवा तुमी मधीच काऊन तोडलं?"

महादेवरावांनी काचेवरची नसलेली धूळ पुसायला घेतली. मला परत काही घेतलं नाही.

बाहेर आल्यावर पुंजाजींनी सहदेवच्या हातातून मला घेतलं. "तुह्यं नाही, माह्यं चुकलं," ते म्हणाले. "इटा पारखाची अक्कल मी इथी चालवली. लय शरम वाट्टे."

"नाही भाऊ. काम मले माईत होतं. थे पुरं ऐकून घेतल्याबिगर मी दुकानातून हलाले नोको होतं."

नंतर सहदेवनं सवडीनं दुसरं कार्ड आणलं, आकड्यानं लहान, दुसऱ्याच दुकानातून, स्वतःचं काम त्याच्यावर चालवून बघून. मी खणात गेलो. मागच्या साली एक जण मला विकत मागायला आला होता. सहदेवनं त्याला विचारलं, "काय काम कराचं हाये?" तो म्हणाला की पडद्यावर घरं फिरवायची आहेत. सहदेवनं खण लावून घेतला आणि म्हणाला, "मंग हे देत नाही." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला कुणीतरी नीट ओळखलं.

तर मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. तुम्ही उद्या संगणक घ्याल, सायकल घ्याल, आणखी काही घ्याल. दुकानदार तुम्हाला आकडा दाखवेल, वजन दाखवेल, डब्यावरचा योद्धा दाखवेल. तुम्ही तुमचं काम सांगा. तो मधेच तोडू लागला तर पुन्हा पहिल्यापासून सांगा, आणि त्याला ऐकायचंच नसेल तर उठून चालू लागा. आणि तुमच्यापैकी कुणी पुढे दुकान घातलंच, तर माझ्यासारख्याला माझ्या ताकदीचं काम द्या. मी रेघा चांगल्या काढतो. आयुष्यभर रेघा काढल्या असत्या, कुणाची तक्रार आली नसती.

केसरबाई रोज सकाळी हापसी मारतात. खणाच्या फटीतून मला तो आवाज ऐकू येतो. त्या पाण्यात माझा काडीचाही वाटा नाही, तो पुंजाजींच्या मूठभर फक्कीचा आहे. मला निकामी म्हणा, भंगारात घाला, मी हू की चू करणार नाही. पण माझा आकडा दाखवून पुन्हा कुणाला फसवू नका, कारण त्या रविवारी एका वस्तीच्या पाण्यावर बेतलं होतं.